सहल सर्वांची, खर्च आटोक्यात

वार्षिक परीक्षा संपत आल्या की घरोघरी सुटीतील सहलीचे बेत रंगू लागतात. खर्चाचा अंदाज मांडला की मात्र उत्साहाला ओहोटी लागते आणि बहुधा पहिली काट बसते ती आजी-आजोबांच्या तिकिटावर. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाल्यापासून अनेक कुटुंबांत 'आम्ही घर सांभाळतो' हे वाक्य ऐकू येऊ लागले आहे. वास्तविक थोडे गणित मांडल्यास कोणालाही मागे न ठेवता खर्च कमी करता येतो.

एसटीचे गणित

राज्यांतर्गत सहलीसाठी एसटीचा विचार प्रथम करावा. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासाची, तर महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटाची सवलत लागू झाली. ६५ ते ७५ वयोगटातील ज्येष्ठांना आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धेच तिकीट पडते. समजा, पूर्ण तिकीट १०० रुपये आहे. आई-वडील, १३ वर्षांचा मुलगा, ९ वर्षांची मुलगी, ७० वर्षांची आजी आणि ७६ वर्षांचे आजोबा अशा सहा जणांना ६०० ऐवजी ३५० रुपये लागतील. त्यात आजी-आजोबांचा वाटा अवघा ५० रुपयांचा! वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, हेही ध्यानात ठेवावे.

एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही चार व सात दिवसांच्या पासची योजना रोज नवे ठिकाण गाठणाऱ्यांसाठी सोयीची आहे. मात्र ज्यांना निम्मे तिकीट पडते, त्यांनी पास घेण्यापूर्वी दोन्ही खर्चांची तुलना करावी.

रेल्वे : घाई नको, उशीरही नको

रेल्वे आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. त्यामुळे सुटीची तारीख ठरताच ६० दिवस आधीचा दिवस दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवणे श्रेयस्कर. तत्काळ तिकिटाला जादा पैसे पडतात आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट प्रवाशाने रद्द केल्यास परतावा मिळत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी शयनयान डब्यात स्वतंत्र बर्थ मागितल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. बर्थ न घेतल्यास निम्मे.

एका वाराची किंमत

मुक्कामाचा खर्च नियोजनातील एका चुकीनेही वाढतो. छत्रपती संभाजीनगरचेच उदाहरण घ्या. अजिंठा लेणी सोमवारी, तर वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. हे न पाहता गेलेल्या कुटुंबाला एक तर लेणी न पाहता परतावे लागते किंवा आणखी एका रात्रीचे भाडे मोजावे लागते. या दोन्ही ठिकाणी १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. बंद असलेल्या दिवशी दौलताबादचा किल्ला किंवा बीबी का मकबरा पाहता येतो.

खोलीचे दर शनिवार-रविवारी व सुटीच्या हंगामात चढे असतात. सहल सोमवार ते गुरुवार अशी आखल्यास तीच खोली अनेकदा कमी दरात मिळते. दर विचारताना त्यात कर व न्याहारी धरली आहे का, याची आधीच खात्री करावी. रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला असून, बिलात तो तपासून घ्यावा.

काटकसर वाहनात करावी, वारात करावी, खोलीच्या दरात करावी. माणसांत करू नये. सुटी संपल्यावर मुलांच्या स्मरणात राहते ती हॉटेलची खोली नव्हे, तर एसटीच्या खिडकीशी बसून आजोबांनी सांगितलेली गोष्ट.