सकाळी विस्कटलेला डेस्कटॉप

मीरा रोड पूर्वेच्या एखाद्या मोठ्या गृहनिर्माण सोसायटीचे ऑफिस डोळ्यांसमोर आणा. जिन्याखालची छोटी खोली, भिंतीवर टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता, टेबलावर जुना कॉम्प्युटर, आणि त्याच मॉनिटरवर अधूनमधून बघायचे गेटचे सीसीटीव्ही. मॅनेजरकाकांनी काल संध्याकाळी तासभर बसून डेस्कटॉप लावला होता. डावीकडे विंगप्रमाणे मेंटेनन्सची बिले, मधे सभांची इतिवृत्ते, उजव्या कोपऱ्यात थकबाकीची यादी आणि ना-हरकत दाखल्याचे नमुने. सकाळी मशीन सुरू केले तर सगळे आयकॉन डावीकडे दाटीवाटीने गोळा झालेले, आणि थकबाकीची यादी कचरापेटीच्या शेजारी.

असा कॉम्प्युटर आता बऱ्याचदा लिनक्सवर चालतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ची चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेल्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मग लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी घेतलेले, अजून ठणठणीत असलेले सीपीयू भंगारात घालण्यापेक्षा कुणी जाणता भाचा किंवा दुकानदार त्यावर लिनक्स मिंट टाकून देतो. हे चांगलेच होते. पण आयकॉन विस्कटले की खोलीत येणारा प्रत्येक जण आपले निदान सांगून जातो. व्हायरस आलाय. लिनक्स कच्चेच असते. हार्ड डिस्क चाललीय. आणि शेवटी ठरलेला उपाय: फॉरमॅट मारा.

यातले शेवटचे वाक्य सगळ्यात महागात पडते. आयकॉन हलले म्हणून फॉरमॅट केलेल्या यंत्राबरोबर सभासदांची नोंदवही आणि पाच वर्षांचे हिशेब गेले, तर ते नुकसान भरून निघत नाही. आणि ज्या कारणासाठी फॉरमॅट केले ते कारण बहुतेक वेळा टेबलामागच्या केबलीत तसेच बसलेले असते.

फाइल आणि तिची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही मुळातली गोष्ट. थकबाकीची यादी ‘होम’मधल्या ‘डेस्कटॉप’ नावाच्या साध्या फोल्डरात असते. ती पडद्यावर कुठे काढायची, याची नोंद दुसरीकडे, वेगळ्या फाइलीत राहते. मुनीमजीच्या वहीत ‘अमुक पेटी तिसऱ्या फळीवर, सातव्या खणात’ असे लिहिलेले असावे तशी ही नोंद. वही चुकली म्हणून पेटीतला माल हलत नाही. खात्री करायची असेल तर फाइल मॅनेजर उघडून ‘डेस्कटॉप’ फोल्डरात जावे. सगळ्या फायली तिथे जिथल्या तिथे सापडतात.

व्हायरसचा संशयही इथेच गळून पडतो. आयकॉनची जागा बदलून कुणाही चोराच्या हाती काही लागत नाही. फायलींची नावे बदलली, त्या उघडेनाशा झाल्या, पैसे मागणारा संदेश आला, तर घाबरावे. नुसते आयकॉन सरकले असतील तर अँटिव्हायरस शोधत बसण्यात सकाळ घालवू नये.

‘लिनक्स कच्चे’ हा आरोप जरा सविस्तर बघायला हवा, कारण त्यात एका नावाखाली बऱ्याच गोष्टी कोंबल्या जातात. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेले लिनक्स म्हणजे कर्नल, यंत्राचा गाभा. आयकॉन म्हणजे काय हे त्या गाभ्याला ठाऊकही नसते. आयकॉन काढण्याचे काम डेस्कटॉपचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम करतो, आणि तो प्रत्येक घरचा निराळा. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये ते काम नेमो करतो, माटेमध्ये काहा, एक्सएफसीईमध्ये एक्सएफडेस्कटॉप, केडीईमध्ये प्लाझ्मा. ग्नोमने तर २०१८ च्या ३.२८ आवृत्तीत डेस्कटॉपवर आयकॉन दाखवणे फाइल मॅनेजरमधून काढूनच टाकले, आणि आज उबुंटूत दिसणारे आयकॉन एका वेगळ्या जोडणीमुळे दिसतात. म्हणून ‘लिनक्समध्ये आयकॉन हलतात’ एवढ्यावरून कुणालाच उपाय सांगता येत नाही. मदत मागताना डेस्कटॉपचे नाव आणि आवृत्ती आधी सांगावी, अर्धे काम तिथेच होते. आणि पडद्याचा आकार बदलला की आयकॉनची पांगापांग विंडोजमध्येही होते, हे तिथे अनेक वर्षे काढलेल्या माणसाला आठवेलच.

पडद्याचा आकार हेच बहुतेक वेळा दुखण्याचे मूळ. डेस्कटॉपवर न दिसणारी चौकटींची जाळी असते. समजा एक चौकट साधारण १०० ठिपके रुंद आहे. पडदा १३६६ ठिपके रुंद असेल तर एका ओळीत १३ चौकटी बसतात. तोच पडदा काही कारणाने १०२४ वर उघडला तर १० च बसतात. मग अकराव्या, बाराव्या आणि तेराव्या स्तंभातल्या आयकॉननी जायचे कुठे? प्रोग्रॅम त्यांना पडद्याबाहेर टाकू शकत नाही. उरलेल्या मोकळ्या चौकटींत सामावून घेतो. दोन सेकंदांनी पडदा पुन्हा १३६६ झाला, पण दरम्यान नवी जागा वहीत लिहिली गेली असेल, तर जुनी जागा विसरली गेली. एक्सएफसीई आणि केडीई प्रत्येक आकाराची नोंद वेगळी ठेवतात, त्यामुळे तिथे बचावाची शक्यता बरी असते. पण लॉगिनच्या धांदलीत आकार भराभर बदलत असेल तर तिथेही गोंधळ होतो.

लॉगिन होताना एकामागून एक बरेच काही घडते. मॉनिटर ओळखला जातो, जतन केलेला आकार लागू होतो, खालची पट्टी म्हणजे पॅनेल येते आणि स्वतःसाठी जागा राखते, मग आयकॉन काढले जातात. हा क्रम दर वेळी अगदी तसाच राहील याची हमी नसते. पॅनेलला जरा उशीर झाला तरी आयकॉनसाठी मोकळी उंची आधी एक आणि नंतर दुसरी निघते, आणि तळाची ओळ वर ढकलली जाते.

आता सोसायटीच्या टेबलामागे वाकून बघू. मॉनिटर कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो: मी अमुक आकाराचा, माझा आवडता मोड हा. ही ओळख ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीत असते, तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा. निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलीत तीन ओळींत १५ पिना असतात, आणि ही ओळख १२ व्या आणि १५ व्या पिनेवरून जाते. चित्राचे लाल, हिरवे, निळे रंग वेगळ्या पिनांवरून येतात. त्यामुळे १२ किंवा १५ वाकलेली असली, किंवा स्वस्त केबलीत ती दिलेलीच नसली, तरी रंग नीट येतात आणि कुणाला केबलचा संशय येत नाही. ओळख मिळाली नाही की लिनक्सचा गाभा सावधपणे जास्तीत जास्त १०२४ बाय ७६८ पर्यंतचे मोडच पुढे करतो. सकाळी लॉगिनच्या पडद्यावर अक्षरे मोठी आणि ताणलेली दिसत असतील, तर ही खूण ओळखावी.

सोसायटीत आणखी एक भानगड असते. सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि कॉम्प्युटर एकाच मॉनिटरवर चालवायला मधे एक स्विचची डबी लावलेली असते. रात्रभर स्विच डीव्हीआरकडे. सकाळी कॉम्प्युटर सुरू होताना त्याने मॉनिटरला हाक मारली तरी साध्या डबीतून उत्तर येत नाही, कारण तारच दुसरीकडे जोडलेली. मग स्विच फिरवला की मॉनिटर ‘सापडतो’ आणि आकार बदलतो. डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरचे बटण बंद असले तर कित्येक मॉडेले केबल काढल्यासारखीच वागतात. हा सगळा तपास करायला पाना-पक्कड लागत नाही. आठवडाभर स्विच आधी कॉम्प्युटरकडे फिरवावा, मॉनिटरचे बटण आधी दाबावे, आणि मग सीपीयू सुरू करावा. आयकॉन जागेवर राहिले तर दोषी सापडला. दीडदोनशे रुपयांची चांगली केबल फॉरमॅटपेक्षा केव्हाही स्वस्त.

एक्सएफसीईच्या बऱ्याच आवृत्त्यांत याचा पुरावा डोळ्यांनी बघता येतो. ‘होम’ फोल्डरात कंट्रोल आणि एच एकत्र दाबले की लपलेली फोल्डरे दिसतात. त्यातल्या ‘कॉन्फिग’मध्ये एक्सएफसीई-४, आणि त्याच्या आत ‘डेस्कटॉप’. तिथल्या फायलींच्या नावातच आकार लिहिलेला असतो, पॅनेल आणि कडा वजा केल्याने पडद्यापेक्षा थोडा कमी. एकाच मॉनिटरच्या यंत्रावर १००० च्या आसपासची एक आणि १३०० च्या पुढची दुसरी, अशा दोन फायली सापडल्या, तर त्या यंत्राने कधीतरी दोन वेगळे पडदे पाहिले आहेत. फाइल उघडली की आत अगदी साधा मजकूर: फायलीचे नाव, खाली ओळ आणि स्तंभाचा आकडा. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे इतके सोपे असेल यावर विश्वास बसत नाही.

याच फायलीबद्दल एक हुशार वाटणारा सल्ला फिरतो: तिला फक्त वाचण्यापुरती परवानगी द्या, म्हणजे कुणी बदलणार नाही. तो पुष्कळदा फसतो. अनेक प्रोग्रॅम जुन्या फायलीत खाडाखोड करत नाहीत. नवी फाइल लिहून तिला जुन्याचे नाव देतात. अशा बदलीला जुन्या फायलीची परवानगी लागत नाही, फोल्डरची लागते. कुलूप पेटीला लावले आणि चोराने पेटीच बदलून नेली, अशातला हा प्रकार.

मेनूतले शब्दही दिशाभूल करतात. एक्सएफसीईत उजव्या क्लिकवर येणारे ‘अरेंज डेस्कटॉप आयकॉन्स’ दाबले की रचना पक्की होते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तेच सगळे आयकॉन नव्याने रांगेत बसवते. सिनॅमनमध्ये ‘ऑटो-अरेंज’वर खूण असेल तर हाताने केलेली मांडणी टिकणारच नाही, खूण काढावी. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत ‘कीप अरेंज्ड’ बघावे. केडीईत आयकॉन हाताने लावून झाले की ‘लॉक्ड’ करता येतात. लुबुंटूत आयकॉनवर उजवी क्लिक करून सध्याच्या जागी चिकटवण्याचा पर्याय आहे. हा दोन मिनिटांचा तपास केबलीच्याही आधी करावा.

हार्ड डिस्कचा संशय मात्र अगदी बिनबुडाचा नाही. डिस्क बिघडल्याने आयकॉन सरकत नाहीत, पण ती काठोकाठ भरली असेल तर नवी नोंद लिहिलीच जात नाही आणि सकाळी जुनीच मांडणी परत येते. नेमो आणि काहाच्या नोंदी तर थोडा वेळ थांबून डिस्कवर जातात. आयकॉन लावून लगेच भिंतीवरचे मेन बटण खाली ओढले, तर ती नोंद वाटेतच राहते. शटडाउन करूनच वीज बंद करावी. पेनड्राइव्हवरून चालणारे तात्पुरते लिनक्स वापरत असाल तर बंद करताना सगळेच पुसले जाते. तिथे यंत्राचा दोष नाही.

मराठीत कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सिस्टमची भाषा इंग्रजीतून मराठी केली की पुढच्या लॉगिनला एक खिडकी विचारते: नेहमीच्या फोल्डरांची नावे नव्या भाषेत करायची का? ‘हो’ म्हटले तर डेस्कटॉपसाठी नव्या नावाचे फोल्डर तयार होते, पण जुन्यातल्या फायली तिकडे हलवल्या जात नाहीत. पडदा रिकामा दिसतो आणि पोटात गोळा येतो. फायली ‘होम’मध्ये जुन्या इंग्रजी नावाच्या फोल्डरात सुखरूप असतात, तिथून उचलून नव्यात टाकल्या की झाले. भाषा मराठी ठेवावी आणि फोल्डरांची नावे जुनीच ठेवावीत, हे सगळ्यात सोयीचे. उलट प्रकारही होतो. कुणी ‘डेस्कटॉप’ फोल्डरच पुसून टाकले तर पुढच्या लॉगिनला यंत्र ‘होम’लाच डेस्कटॉप समजते, आणि घरातले सगळे फोल्डर पडद्यावर येऊन बसतात. तेव्हा ते ‘नको असलेले’ आयकॉन पुसायला जाऊ नये. ते आयकॉन म्हणजे खरे फोल्डर असतात.

पवईच्या आयआयटी मुंबईने स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे छोटे धडे मराठी आवाजात उपलब्ध करून दिले आहेत. ऑफिसात नवीन माणूस आला की त्यातले डेस्कटॉपचे धडे आधी दाखवावेत. आणि मॉनिटरमागच्या त्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने ‘आधी कॉम्प्युटर, मग कॅमेरा’ एवढे लिहून ठेवावे, म्हणजे सकाळी दार उघडणाऱ्या वॉचमनलाही स्विच कुठे फिरवायचा ते कळेल.