घरातला निरोप्या

‘बाबांना सांग, पान वाढलंय.’ बाबा शेजारच्याच खोलीत असतात. वाक्य त्यांनी ऐकलेलंही असतं. तरी निरोप मुलाच्या तोंडून जातो आणि उत्तर त्याच्याच तोंडून परत येतं. अबोला म्हणजे संवाद तुटणं, असं आपण मानतो. खरं तर अबोल्यातही बोलणं चालूच असतं. त्याचं ओझं तेवढं तिसऱ्याच्या डोक्यावर जातं.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी या रचनेला ‘त्रिकोण’ म्हटलं. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. ताण वाटला जातो, घर तगून राहतं आणि किंमत तो तिसरा मोजतो. १९५४ ते १९५९ या काळात बेथेस्डा इथल्या संशोधन संस्थेत बोवेन यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि पुढे संपूर्ण कुटुंबांना वॉर्डात राहायला बोलावलं. एकट्या रुग्णाला तपासून न कळणारे नात्यांतले ताणेबाणे तिथे रोज डोळ्यांसमोर घडू लागले.

त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत ठेवलं. बोवेन कुटुंबात आजाराचं मूळ शोधत होते. विद्या सागर यांनी कुटुंबाला शुश्रूषेतला सोबती मानलं. हा फरक महत्त्वाचा आहे. त्या काळी पाश्चात्त्य मांडणीत स्किझोफ्रेनियाचा ठपका अनेकदा आईवर ठेवला जाई. पुढे तो टिकला नाही. पण तोवर कितीतरी आयांनी तो सोसला होता.

आजची फॅमिली थेरपी गुन्हेगार शोधण्यापेक्षा निरोपाची वाट शोधते. कोण कुणाशी थेट बोलतं? कुणामार्फत बोलतं? कोणता विषय निघाला की सगळे गप्प होतात? उपचारक मुलाची मध्यस्थी थांबवतो आणि आईला सुचवतो, ‘हे त्यांच्याकडे बघून सांगा.’ साधं वाक्य. पण कित्येक वर्षांत ते थेट बोललं गेलेलं नसतं.

मारहाण किंवा दहशत असलेल्या घरात मात्र सगळ्यांना एकत्र बसवणं धोक्याचं ठरतं. तिथे बोललेल्या शब्दाची शिक्षा घरी मिळू शकते. अशा वेळी आधी सुरक्षितता, मग संवाद.

‘वयाच्या मानानं फार समजूतदार’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते मूल पुष्कळदा असा निरोप्या असतं. त्याचं पोट वारंवार का दुखतं, अभ्यासात लक्ष का लागत नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. पण शेजारच्या खोलीपर्यंतची चार पावलं मोठ्यांनी स्वतः चालावीत.