स्पूल टेप डेकमधील गुंजन (हम)

स्पूल टेप डेकमधील गुंजन म्हणजे वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा व तिच्या पटींचा, मूळ ध्वनीत मिसळणारा सलग आणि खालच्या पट्टीतील आवाज होय. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात त्याला ‘हम’ म्हणतात. भारतात व युरोपात पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे हा आवाज ५०, १००, १५० हर्ट्झला आढळतो, तर उत्तर अमेरिकेत ६०, १२०, १८० हर्ट्झला. मानवी कान ५० हर्ट्झला फारसा संवेदनशील नाही. त्यामुळे ऐकताना खुपतात त्या बहुधा वरच्या पटी.

कारणे

प्लेबॅक हेड हे मुळात बदलते चुंबकीय क्षेत्र टिपणारे साधन आहे. त्याच्या गाभ्यात काही मायक्रोमीटर रुंदीची फट असते. फीत त्या फटीवरून सरकली की गाभ्याभोवतीच्या वेटोळ्यात प्रवर्तनाने विद्युतदाब निर्माण होतो. तो जेमतेम मिलिव्होल्टच्या घरात, अनेकदा त्याहूनही कमी असतो. आता त्याच पेटीत, काही सेंटिमीटर अंतरावर, वीजपुरवठ्याचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि एक ते तीन मोटरी असतात. त्यांचे बाहेर सांडणारे क्षेत्र आणि फितीवरील क्षेत्र यांत हेडला फरक करता येत नाही.

दुसरे कारण प्रवर्धकात आहे. प्रवर्तित दाब बदलाच्या वेगावर अवलंबून असल्याने खालच्या स्वरांचा दाब कमी मिळतो. ती तूट भरून काढण्यासाठी प्लेबॅक प्रवर्धक ५० हर्ट्झच्या स्वराला १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे वीसपट उचलून धरतो, आणि त्याबरोबर गुंजनही उचलले जाते. अमेरिकेतील ‘नॅब’ मानकात म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या वेळी अगदी खालचे स्वर थोडे वाढवून घेतात व प्लेबॅकमध्ये ही उचल सुमारे ५० हर्ट्झच्या खाली थांबवतात.

दोषाचे निदान

उपाय करण्यापूर्वी गुंजन कोठून येते हे ठरवणे आवश्यक असते. फीत थांबवल्यावर ते नाहीसे झाले, तर ते फितीवरच मुद्रित झालेले असण्याचा संभव असतो. मात्र फितीबरोबर मोटरही थांबते, हे ध्यानात ठेवावे लागते. फीत न लावता यंत्र चालवून पाहिल्यास हा संशय फिटतो. मुद्रित गुंजनाची आणखी एक खूण अशी, की वेग सेकंदाला १९ सेंमी ऐवजी ९.५ सेंमी केला की त्याचा स्वर एक सप्तक उतरतो. यंत्राच्या गुंजनाचा स्वर उतरत नाही.

प्रवर्धकाच्या प्रवेशाची टोके जोडून टाकल्यावर आवाज थांबला, तर तो हेड किंवा हेडच्या तारा ओढून घेत आहेत असे समजावे. न थांबल्यास वीजपुरवठ्यातील जुनी फिल्टर संधारित्रे (कपॅसिटर) तपासावीत. त्यांचा दोष बहुधा १०० हर्ट्झला दिसतो. दोन उपकरणे जोडल्यावरच गुंजन सुरू होत असेल तर ते सहसा अर्थिंगच्या वेटोळ्याचे असते. त्यावर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ सर्रास केला जातो. तो जीवघेणा ठरू शकतो. सिग्नलच्या मार्गात विलगक रोहित्र बसवणे हा सुरक्षित मार्ग आहे.

हेडचे विचुंबकन केल्याने गुंजन जाते, हाही एक गैरसमज आहे. चुंबकित हेडमुळे खरखर वाढते, गुंजन नव्हे. उलट विचुंबक स्वतःच ५० हर्ट्झचे प्रबळ क्षेत्र निर्माण करतो. त्यामुळे मुद्रित फिती त्यापासून दूर ठेवाव्या लागतात.

प्रतिबंध

सर्वांत स्वस्त उपाय अंतर हाच. रोहित्राचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत असल्याने अंतर दुप्पट केले की ते सुमारे एक अष्टमांश उरते. डेकच्या वर किंवा खाली ठेवलेला अॅम्प्लिफायर हातभर बाजूला सरकवणे पुष्कळदा पुरेसे असते. रोहित्राची दिशा फिरवूनही मोठा फरक पडतो, कारण क्षेत्ररेषा हेडच्या वेटोळ्याच्या अक्षाला काटकोनात आल्या की प्रवर्तन किमान होते. वलयाकार गाभ्याच्या रोहित्राचे क्षेत्र बाहेर कमी सांडते. हेडच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्यास त्यांच्यातील मोकळे क्षेत्रफळ घटते.

कवचाच्या बाबतीत धातूची निवड महत्त्वाची असते. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा ५० हर्ट्झला जवळजवळ निरुपयोगी ठरतो. या वारंवारतेचे क्षेत्र तांब्यात सुमारे ९ मिमी खोल शिरते. येथे म्यू-मेटल हा सुमारे चार पंचमांश निकेल असलेला मिश्रधातू वापरतात. तो क्षेत्र अडवत नाही, आपल्यातून वळवून नेतो. अनेक स्टुडिओ यंत्रांत हेडच्या मागे म्यू-मेटलची वाटी व पुढे फीत लावल्यावर मिटणारी झडप असते. हा धातू वाकवला, ठोकला किंवा खाली पडला तर त्याचा गुण पुष्कळ कमी होतो आणि तो परत आणण्यासाठी भट्टीत तापानुशीतन करावे लागते. क्षेत्र प्रबळ असल्यास म्यू-मेटल संपृक्त होतो. अशा ठिकाणी बाहेरून मऊ लोखंडाचे कवच देतात.

काही हेडमध्ये वेटोळे दोन भागांत अशा रीतीने गुंडाळतात, की फितीचा सिग्नल बेरजेत येतो व बाहेरील क्षेत्र परस्पर रद्द होते.

जुन्या फितींचे अंकीकरण

अंकीकरणात डेकचे गुंजन नव्या प्रतीत कायमचे उतरते, आणि ते नंतर गाळणे निर्धोक नसते. पट्टी सफेद एक असेल तर तानपुऱ्याची पंचमाची तार सुमारे ९८ हर्ट्झला बोलते; १०० हर्ट्झवर लावलेला रुंद फिल्टर तिचा मूळ स्वरच पुसून टाकतो. म्हणून डेक आधी निर्दोष करावा व न गाळलेली प्रत जपून ठेवावी.

फितीवर मूळचेच मुद्रित असलेले गुंजन मात्र उपयोगी पडू शकते. ते ५० ऐवजी ४८ हर्ट्झला आढळल्यास मूळ यंत्र सुमारे चार टक्के जलद चालत होते असा तर्क करता येतो. पूर्वी पुरवठ्याची वारंवारताही हलत असे, त्यामुळे गायकाच्या ज्ञात पट्टीशी हा हिशेब ताडून पाहावा लागतो.