गिधाडाच्या गळ्यावरचा हात

फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात प्रोमिथिअस दोनदा भेटतो. आत आहे तो रूबेन्सने रंगवलेला, सतराव्या शतकातला. खडकाला जखडलेला, डोके खाली, पाय वर. गरुडाचा पंजा थेट चेहऱ्यावर रोवलेला आणि चोच यकृतात. माणसांसाठी देवांकडचा अग्नी चोरला, त्याची ही शिक्षा. कथेप्रमाणे यकृत रोज नव्याने वाढते, गरुड रोज परत येतो. सुटका होते ती हेराक्लिस आल्यावर.

बाहेरचा प्रोमिथिअस ब्राँझचा, सुमारे 8 फूट उंच. जाक लिपशिट्झचा. इथे साखळदंड नाहीत, हेराक्लिसही नाही. गरुडाच्या जागी गिधाड आहे आणि प्रोमिथिअसने एका हाताने त्याचा गळा आवळलाय, दुसऱ्याने नख्या रोखून धरल्यात. मांसल, फुगीर आकार एकमेकांत असे गुंतलेत की माणूस कुठे संपतो आणि पंख कुठे सुरू होतो, हे पाहताना नजर अडखळते. मला या शिल्पाची खरी ताकद त्या अडखळण्यातच वाटते. झटापट अजून चालू आहे.

लिपशिट्झ जन्माने लिथुआनियाचा, ज्यू. तरुणपणी पॅरिसला येऊन क्युबिझममध्ये घडला. 1937 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्याने हाच विषय प्लास्टरमध्ये भव्य आकारात उभा केला. नायकाच्या डोक्यावर फ्रेंच क्रांतीतली फ्रिजियन टोपी होती. शेजारी जर्मनीत हिटलर सत्तेवर असताना त्या गिधाडाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसणार. 1938 मध्ये ‘ल मातँ’ या उजव्या दैनिकाने शिल्पाविरुद्ध मोहीम उघडली आणि ते हटवून नष्ट करण्यात आले. प्लास्टर फोडायला कितीसा वेळ लागतो!

1941 मध्ये नाझींपासून जीव वाचवत लिपशिट्झ न्यूयॉर्कला पोचला. विषयाने मात्र त्याला सोडले नाही. रिओ द जानेरोतल्या शिक्षण मंत्रालयाच्या नव्या इमारतीसाठी त्याने प्रोमिथिअस पुन्हा घडवला. तिथे नियोजित मोठ्या आकाराऐवजी छोट्या नमुन्याएवढेच ओतकाम झाले आणि एवढ्या मोठ्या भिंतीवर ते शिल्प हरवून गेले. त्याच्या जिवाला ते लागले.

फिलाडेल्फियातले ओतकाम 1952-53 चे. तोवर युद्ध संपले होते, हिटलर मेला होता. तरीही लिपशिट्झने गिधाड मेलेले दाखवले नाही. त्याचे पंख अजून पसरलेलेच आहेत आणि प्रोमिथिअसची पकड जराही सैल झालेली नाही.