डॉक्टर झाला, तरी अजून प्रयोगशाळेतच?



मुंबईला जुहूच्या चौपाटीवर मुले वाळूचे किल्ले करतात. ओल्या वाळूचा बुरूज ताठ उभा राहतो. वाळू सुकली की तोच ढासळतो. कण तेच, पण त्यांना धरून ठेवणारे पाणी गेले. पोलाद, काच, चुंबक यांचेही काहीसे असेच असते. आतले अणू कसे रचले आहेत, एकमेकांना कसे धरून आहेत, यावर वस्तूचा कठीणपणा किंवा ठिसूळपणा ठरतो.

ही रचना शोधण्याचे काम याच मुंबईत, पण पूर्वेकडच्या खाडीकाठी, ट्रॉम्बे येथे चालते. तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९८५ साली 'ध्रुव' आली. भट्टीतून निघालेले न्यूट्रॉन नावाचे सूक्ष्म कण पदार्थावर सोडायचे आणि ते कसे विखुरतात यावरून आतली मांडणी ताडायची, अशी ही रीत आहे.

अशा प्रयोगशाळांत पीएच.डी. झालेले काही तरुण ठराविक मुदतीवर काम करतात. त्यांना 'पोस्ट-डॉक्टरल' संशोधक किंवा रिसर्च असोसिएट म्हणतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. के. एस. कृष्णन यांच्या नावाने अशी असोसिएटशिप ठेवलेली आहे.

गावात आईबाप विचारतात, "पोरगा डॉक्टर झाला म्हणता, मग अजून शिकतोच कसा?" त्यांना सांगा, हे नुसते शिकणे नव्हे, काम आहे. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली तयार झाला, तरी दुसऱ्या कसबी सुताराकडे चार दिवस हात चालवून येतो ना? तसेच हे. ट्रॉम्बेचे पी. के. अय्यंगार तरुणपणी कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याजवळ काम करून आले. दोघांचा जर्मेनियमवरील निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. परतल्यावर अय्यंगारांनी न्यूट्रॉनचे संशोधन इथे वाढवले. ब्रॉकहाउस यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवू नये. ही जागा कायमची नसते. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, कदाचित परगाव. तोवर तिशी गाठलेली असते; घरी लग्नाचा विषय निघतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून होकार देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: मुदत किती? मानधन दरमहा वेळेवर मिळते का? राहण्याची सोय काय? आणि हवे ते यंत्र प्रत्यक्ष वापरायला मिळेल का?

गुरुजी, बाई, हुशार मुलामुलींना ही वाट जरूर दाखवा. पण ती लांबची आहे, हेही पहिल्याच दिवशी सांगा. आणि त्या वेळी त्यांच्या आईवडिलांनाही समोर बसवा. पुढे मुदत संपून मूल घरी आले, तर ते नापास होऊन आले असे मग कोणी समजणार नाही.