सिग्नल तुमचा, पण ड्रायव्हरची नजर दुसरीकडे

मागच्या आठवड्याचा एपिसोड ज्यांनी लोकलमध्ये अर्धा ऐकून सोडून दिला, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बोलताना मी फार भरकटते, म्हणून तेच इथे जरा नीट लावलंय. ज्यांनी पूर्ण ऐकलाय त्यांनीही शेवटचा इन्शुरन्सचा भाग वाचा, तो एपिसोडमध्ये घाईत उरकला होता.

विषय होता परदेशात पायी चालणं आणि सायकल चालवणं. परदेश म्हणजे सगळं जग नाही. मी राहते डॅलसच्या उत्तरेला, टेक्सासमध्ये, जिथे प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या भागांत आपली मराठी माणसं भरपूर आहेत. नवीन ऑनसाईट आलेला माणूस पहिले काही आठवडे बिनगाडीचा असतो. एमएसला आलेली मुलं सेकंडहँड सायकल घेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. त्यांना पुण्यात, नाशकात रोज संध्याकाळी फिरायची सवय असते, आणि इथे ती सुटत नाही. सुटूही नये. पण काही गोष्टी माहीत हव्यात.

"एवढी शिस्त आहे, कुणी हॉर्न वाजवत नाही, मग भीती कसली?" हा प्रश्न मला प्रत्येक नवीन माणूस विचारतो. आधी एक स्पष्ट करते: भारतातले रस्ते जास्त सुरक्षित आहेत असं मी मुळीच म्हणत नाहीये. आपल्याकडे 2022 या एका वर्षात 32 हजारांहून जास्त पादचारी गेले. पण अमेरिकेचं चित्रही आपण समजतो तसं नाही. इथे 2009 मध्ये गाडीच्या धडकेने गेलेले पादचारी 4 हजारांच्या थोडे वर होते. 2022 मध्ये तोच आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला. त्याच वर्षी हजारापेक्षा जास्त सायकलवालेही गेले. म्हणजे श्रीमंत देश, रुंद रस्ते, आणि तरी आलेख उलट्या दिशेने.

याची कारणं बरीच आहेत, पण मला सगळ्यात जास्त पटलेलं कारण सांगते. आपल्याकडे रस्ता ओलांडणं ही एक वाटाघाट असते. तुम्ही हात वर करता, रिक्षावाल्याकडे बघता, तो तुमच्याकडे बघतो, थोडा वेग कमी करतो, तुम्ही सरकता. प्रत्येक जण गृहीत धरून चालतो की समोर कधीही माणूस, म्हैस, उलट्या दिशेने आलेली स्कूटी, काहीही येईल. इथे ड्रायव्हर असं काही गृहीत धरत नाही. तो मैलोन् मैल गाडी चालवतो आणि त्याला फुटपाथवर एकही माणूस दिसत नाही. त्याचे डोळे फक्त गाड्या शोधायला तयार झालेले असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पादचारी ही इथे एज केस आहे, आणि एज केस कुणी टेस्ट करत नाही!

आता चौकात उभे राहू. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लाल सिग्नलला थांबून, रस्ता मोकळा बघून, उजवीकडे वळायची परवानगी असते. आपल्या फ्री लेफ्टचं आरशातलं रूप समजा. 1970 च्या दशकात तेलाची टंचाई झाली तेव्हा इंधन वाचवायला हा नियम देशभर पसरला, आणि 1980 पर्यंत सगळ्या राज्यांत लागू झाला. न्यूयॉर्क शहरात मात्र तशी पाटी असेल तरच वळता येतं.

गोची अशी आहे. उजवीकडे वळणाऱ्या ड्रायव्हरला धोका डावीकडून येणाऱ्या गाड्यांचा. म्हणून त्याची मान डावीकडे वळलेली. गाडी हळूहळू झेब्रा क्रॉसिंगवर सरकत असते. आणि तुम्ही उभे आहात त्याच्या उजव्या हाताला, कोपऱ्यावर. तुमचा चालण्याचा सिग्नल लागला, तुम्ही पाऊल टाकलं, त्याच क्षणी त्याला डावीकडे फट दिसली आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला. तो नियम मोडत होता का? हो, पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. पण त्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही.

मी घरी सगळ्यांना एकच सवय लावलीये. वळणाऱ्या गाडीच्या काचेकडे बघायचं. ड्रायव्हरचा चेहरा तुमच्याकडे वळलेला दिसला तरच पाऊल टाकायचं. काचा काळ्या असतील आणि चेहरा दिसतच नसेल, तर गाडी जाऊ द्यायची. दहा सेकंदांनी काही बिघडत नाही.

डावीकडे वळणारी गाडी याहून वाईट, असं माझं मत. तिला गोल हिरवा दिवा असतो तेव्हा तुमचाही चालायचा सिग्नल चालूच असतो, दोघांनाही एकाच वेळी. ड्रायव्हरचं सगळं लक्ष समोरून येणाऱ्या गाड्यांमधली फट शोधण्यात. शिवाय पुढच्या काचेच्या बाजूचा जो जाड खांब असतो, त्याच्यामागे एक अख्खा माणूस लपू शकतो. गाडी वळतेय, तुम्ही चालताय, दोघांचा वेग असा जुळतो की काही सेकंद तुम्ही त्या खांबाच्या आडच राहता. हिरवा सिग्नल असतानाही मान वळवून मागे आणि समोर, दोन्हीकडे वळणाऱ्या गाड्या बघाव्या लागतात त्या यासाठी.

अजून एक, बऱ्याच चौकांत बटण दाबल्याशिवाय चालायचा सिग्नल लागतच नाही. नवीन माणसं उभीच राहतात, मग वैतागून निघतात. बटण दाबा. आणि लाल हात लुकलुकायला लागला की अर्थ "पळा" असा नसतो. जे रस्त्यात आहेत त्यांनी पलीकडे जावं, नवीन कुणी उतरू नये, एवढाच.

आता बाबांची गोष्ट. मागच्या वर्षी ते आले होते. आमच्या घराजवळ सहा लेनचा रस्ता आहे, मधे दुभाजक. सिग्नल नसलेल्या एका क्रॉसिंगवर त्यांनी सवयीने हात वर केला, अगदी कर्वे रोडवर करतात तसा. जवळच्या लेनमधली मोठी गाडी शहाण्यासारखी थांबली. बाबा निघाले. पलीकडच्या लेनमधल्या गाडीला मात्र ते दिसलेच नाहीत, कारण थांबलेल्या गाडीने त्यांना पूर्ण झाकलं होतं. ब्रेक लागले, टायरचा आवाज आला, हातभर अंतर राहिलं. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही थांबायला हवं होतं हो." तर ते म्हणतात, "अगं, थांबली होती ना गाडी!"

थांबली होती, एक. या प्रकाराला रस्ते बांधणाऱ्यांच्या भाषेत नावही आहे, "मल्टिपल थ्रेट". एक गाडी भलेपणाने थांबते आणि तीच पडदा बनते. यावर उपाय म्हणजे थांबलेल्या गाडीच्या पुढच्या टोकाशी आपणही थांबायचं, मान पुढे काढून पुढची लेन बघायची, मग पुढे. प्रत्येक लेन हा वेगळा रस्ता समजायचा.

वेगाचं गणित सांगते, कारण ते कळलं की या रस्त्यांची भीती वाटायला लागते, आणि वाटायलाच हवी. अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार ताशी 23 मैल वेगाच्या गाडीची धडक बसली तर मरण्याची शक्यता साधारण 10 टक्के. 42 मैलांना ती 50 टक्के. 58 मैलांना 90 टक्के. आमच्या घरासमोरच्या रस्त्याची मर्यादा आहे ताशी 45 मैल, म्हणजे जवळजवळ 72 किलोमीटर. हा हायवे नाही, ज्याच्या कडेला किराणा दुकान आणि शाळा आहे असा रस्ता.

त्यात गाड्यांचा आकार. बसकी गाडी पायाला लागते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच एसयूव्ही किंवा पिकअप थेट छातीवर, लहान मुलाच्या डोक्यावर. 2023 च्या एका अमेरिकन अभ्यासात 40 इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्या, कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटपेक्षा पादचाऱ्याला सुमारे 45 टक्के जास्त जीवघेण्या ठरल्या. टेक्सासमध्ये पिकअप किती आहेत ते इथे येऊन गेलेल्यांना सांगायला नको.

अंधाराचंही तेच. पादचाऱ्यांच्या दर चार मृत्यूंपैकी साधारण तीन अंधारात होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे, इथे घड्याळं एक तास मागे जातात. अचानक साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आई-बाबांची फिरायची वेळ तीच राहते, आणि अंगात असतं काळं नाहीतर नेव्ही ब्लू जॅकेट, कारण "मळत नाही". रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. आईला ते "रस्ता झाडणाऱ्यांसारखं" वाटलं, तरी घातलं.

फुटपाथ नसेल तर पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. टेक्सासचा कायदाही तेच सांगतो. सायकलवाल्यांचं बरोबर उलटं. त्यांनी गाड्यांच्याच दिशेने, उजवीकडून. आपल्या मेंदूला हे दोन्ही एकदम पचत नाही. रस्ता रिकामा असला, किंवा पार्किंगमधून बाहेर पडत असलो, की सायकल आपोआप डाव्या बाजूला जाते, कारण लहानपणापासून तेच. आणि वळणारा ड्रायव्हर तिकडून कुणी येईल असं बघतच नाही. रात्री पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर किंवा दिवा कायद्यानेच लागतो. माझं ऐकाल तर मागेही दिवाच लावा.

आता इन्शुरन्स. टेक्सासमध्ये गाडीवाल्याला एका जखमी माणसामागे किमान 30 हजार डॉलरचंच कव्हर सक्तीचं आहे. ट्रॉमा सर्जरी आणि आयसीयूच्या बिलापुढे हे काहीच नाही. धडक देऊन पळून गेला तर तेही नाही. तुमच्या स्वतःच्या कार पॉलिसीत "अनइन्शुअर्ड मोटरिस्ट" आणि "पीआयपी" असे दोन भाग असतात. तुम्ही गाडीत नसताना, पायी चालताना धडक बसली तरी ते उपयोगी पडू शकतात. टेक्सासमध्ये ते नको असतील तर लेखी नकार द्यावा लागतो, आणि ऑनलाईन पॉलिसी घेताना हप्ता कमी करायला बरेच जण नकळत तो देऊन टाकतात. आज ॲप उघडून बघा. घरी राहायला आलेले आई-बाबा त्यात धरले जातात का, हे एजंटला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. आणि त्यांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना प्रत्येक उपचाराला ठरावीक छोटी रक्कम देणारा स्वस्त प्लॅन टाळा.

धडक बसलीच तर आपली पिढी 911 लावते, आधीची पिढी म्हणते, "काही नाही झालं, जाऊ दे बिचाऱ्याला." ड्रायव्हर खरोखर बिचारा असू शकतो, पण पोलीस रिपोर्ट नसेल तर पुढे क्लेमला आधार राहत नाही. आणि डोक्याला मार लागला असेल तर तो कधीकधी काही तासांनी कळतो, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर.

म्हणून बाबांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर मी मेडिकल माहिती भरून ठेवली आहे. नाव, रक्तगट, गोळ्यांची नावं, माझा नंबर, फोन न उघडता दिसेल अशी. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सीच्या भागात ते सापडतं. गोळ्यांचं भारतातलं ब्रँड नाव लिहू नका, इथल्या डॉक्टरला ते कळणार नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव लिहा.