मेंढ्यांच्या खुराकात तेल : लाभ आणि मर्यादा

सोलापूर, सांगली, सातारा आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील अवर्षणप्रवण भागात मेंढीपालन हा असंख्य धनगर कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. पावसाळा सरला की माळरानावरील गवत वाळते. अशा चाऱ्याने मेंढीचे पोट भरते. अंग मात्र भरत नाही. कोकराचे मोल तर वजनावरच ठरते. त्यामुळे खुराकात थोडे खाद्यतेल घालून वाढ साधण्याचा विचार पुढे येतो. हा विचार सयुक्तिक आहे; परंतु त्यास मर्यादाही आहे.

तेलाचे सामर्थ्य

समान वजनाच्या पिष्टमय पदार्थांपेक्षा तेलापासून सुमारे सव्वादोन पट ऊर्जा मिळते. शिवाय चारा आंबताना पोटात मिथेन वायू तयार होतो व ढेकरांवाटे काही ऊर्जा वाया जाते. तेलामुळे हा अपव्यय कमी होतो.

पचनावर परिणाम

मेंढी गवत पचविते ते कोठीपोटातील सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने. तेल प्रमाणाबाहेर गेल्यास चाऱ्याच्या तंतूंवर त्याचा थर बसतो आणि तंतू फोडणाऱ्या जीवाणूंची वाढ खुंटते. सूर्यफूल, करडई, सोयाबीन यांसारख्या तेलांतील असंपृक्त स्निग्धाम्ले या जीवाणूंना विशेष बाधक ठरतात. मग कडबा न पचताच बाहेर पडतो, भूक मंदावते, लेंड्या पातळ होतात. वजन वाढण्याऐवजी घटू लागते. ज्या कळपाचा निर्वाह वाळक्या चाऱ्यावर आहे, त्याची हानी अधिक होते.

प्रमाणाचा हिशेब

एकूण शुष्क आहारात स्निग्ध पदार्थ ५ ते ६ टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत. ३० किलो वजनाची मेंढी दिवसाकाठी सुमारे १ किलो शुष्क आहार घेते. म्हणजे तिची मर्यादा ५० ते ६० ग्रॅम झाली. चारा व धान्य यांतूनच २० ते ३० ग्रॅम मिळतात. उरते ते जेमतेम ३० ग्रॅम. त्यातही पेंडीतील तेल धरावे लागते. दाबून तेल काढलेल्या पेंडीत साधारणतः ६ ते ८ टक्के तेल शिल्लक असते. द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत ते १ टक्क्याच्या आसपास असते. सरकीत तर जवळजवळ पंचमांश तेल असते. सरकी किंवा दाबलेली पेंड भरपूर मिळणाऱ्या कळपाला निराळ्या तेलाची गरज क्वचितच भासते.

घ्यावयाची दक्षता

तेल भरड्यात नीट कालवून द्यावे आणि दहापंधरा दिवसांत त्याचे प्रमाण हळूहळू वाढवावे. खवट तेल वापरू नये. दूध पिणाऱ्या लहान कोकरांना ते पाजू नये. तेलात प्रथिने मुळीच नसतात, हेही ध्यानी ठेवावे. मांस वाढते ते प्रथिनांवर. पेंड कमी करून तिच्या जागी तेल दिल्यास वाढ साधत नाही.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी हा साधा हिशेब मेंढपाळांपर्यंत पोहोचवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घेण्यास त्यांना प्रवृत्त करावे. तेलाचा खर्च वाढलेल्या वजनातून भरून निघत असेल, तरच तो करणे इष्ट. अन्यथा मेंढपाळाचा पैसा आणि मेंढीचे आरोग्य, दोन्ही पणास लागतात.